अण्णांची तोड

अण्णा दारात आले की घरातल्या माणसांकडे नंतर बघतात, आधी मोरीच्या पाण्यावरच्या कर्दळीकडे. "काय म्हणतीय तब्येत?" असं त्यांनी विचारलं की "बरी आहे, शुगर तेवढी वाढलीय" असं सांगायचं नसतं. भिगवणला नव्यानं राहायला आलेल्या माणसाला हे कळायला एखादा पावसाळा जातो.

अण्णा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होते. इंदापूर-बारामतीकडे चिटबॉय कोण हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. कुणाच्या रानात कुठल्या जातीचा ऊस, लागण कधीची, आडसाली की सुरू, खोडवा की निडवा, याची नोंद ठेवणारा आणि त्या नोंदीवर तोडीची चिठ्ठी फाडणारा तो चिटबॉय. कारखान्यानं नारळ देऊन अण्णांना घरी पाठवलं, पण नोंदवही काही सुटली नाही. उसाच्या जागी कर्दळ, गुलछडी, सोनटक्का, लिली, गवती चहा आणि अळू आले, एवढाच फरक. आमच्या घराचंही पान आहे त्या वहीत. 'कर्दळ, पिवळी, ठिपक्याची. लागण जून. क्षेत्र मोरी ते कंपाउंड. शेरा: गर्दी झाली, तोडीस योग्य.'

ऊसवाल्याला तोडीसाठी टोळीच्या मुकादमाची मनधरणी करावी लागते. उसाला तुरा येतो, पण तोड येत नाही. अण्णांची तोड न मागता येते. सकाळी सातलाच पहार, खुरपं आणि युरियाचं रिकामं पोतं घेऊन हजर. "काल पाणी दिलं होतं का?" ही पहिली चौकशी. दिलेलं नसतंच. मग बादल्या आपणच ओतायच्या.

त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं, हीच तर पंचाईत आहे. कर्दळीचा गड्डा जमिनीत आडवा पसरतो आणि बाहेर बाहेर सरकत जातो. दोन-तीन वर्षांत मधला भाग जून होऊन बसतो, कडेला दाटी होते, पानं रग्गड आणि फूल नावाला. अण्णा चारी बाजूंनी पहार घालून अख्खं बेट वर काढतात, माती झटकतात आणि पाटावर बसावं तसे पोत्यावर बसून गड्डे मोडायला घेतात. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. काळा पडलेला, दाबल्यावर मऊ लागणारा तुकडा बाजूला. वीतभर ठेवून पानं छाटायची, म्हणजे मुळं धरेपर्यंत झाडाला पानांचा भार नको. निवडक तुकडे हातभर अंतरानं पुन्हा जागेवर. झाली तोड.

आणि पोतंभर गड्डे उरतात. फोडायला तासभर पुरतो. त्यांना घर मिळवून द्यायला अण्णा अख्खं भिगवण पालथं घालतात. जित्या डोळ्याचा गड्डा फेकून देणं त्यांच्याच्यानं होत नाही. लग्नात आहेराच्या पाकिटाबरोबर एक ओलसर पिशवी असते. वास्तुशांतीला पिशवी. मासळी बाजारात मरळ घ्यायला गेले तर पैसे देऊन वर पिशवी, आणि मासे धुतलेलं पाणी कर्दळीला कसं मानवतं यावर व्याख्यान; तोवर मागचं गिऱ्हाईक चिलापी घेऊन गेलेलंसुद्धा असतं. त्यांचा मुलगा पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो. त्याच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नाही.

पुढच्या आळीतल्या एकानं पिशवी घेतली, गोड हसला आणि अण्णांची पाठ वळताच उकिरड्यावर भिरकावली. कर्दळच ती. पाऊस पडला, खत आयतंच होतं, श्रावणात पुरुषभर उंच वाढून लालभडक फुलली. अण्णा रस्त्यात थांबले, वही काढली आणि लिहिलं, 'लागण उकिरडा. वाढ उत्तम.' त्या गृहस्थाला नंतर आणखी दोन पोती मिळाली, जमीन कसदार आहे म्हणून. "लई बेणं आहे म्हातारं," असं तो अजून म्हणतो.

याच अण्णांकडे कुणी आपण होऊन मागायला गेला, तर मिळत नाही. हयात वशिल्यानं तोड मागणाऱ्यांना तोंड देण्यात गेली; मागणारा दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. एका शिक्षिकेनं दुहेरी गुलछडीचे कंद मागितले होते. "नंबर आल्यावर येतील," म्हणाले. तिनं शेवटी राहुरीच्या विद्यापीठाची 'फुले रजनी' लावली. ती एकेरी निघाली, त्यावरही अण्णांनी तिलाच दोन शब्द सुनावले.

गुलछडीच्या बाबतीत मात्र मी त्यांना मानतो. आमच्याकडे लोक एकदा लावून विसरतात आणि तीन वर्षांनी दांडे बारीक झाले की खताला दोष देतात. अण्णा पाणी तोडतात, पानं पिवळी पडू देतात, मग खणतात. कंदांचा झुबका सोडवून सावलीत पसरतात, आणि अंगणातून कुणाला सरळ चालता येत नाही. मोठे कंद लागणीला. सुपारीहून लहान असेल तो वेगळ्या वाफ्यात, कारण पहिल्या वर्षी त्याच्याकडून दांड्याची अपेक्षा धरायची नसते. "लेकराला नांगराला जुंपता व्हय?" असं विचारतात.

एकदाच हार खाल्ली. काश्मीरच्या सहलीत त्यांना निळं आयरिस दिसलं. तिकडच्या एका माळ्यानं गड्डा दिला आणि रीतही सांगितली: फुलं सरली की तीन-चार वर्षांनी फोडायचं, पानं पंख्यासारखी छाटायची, गड्ड्याची पाठ मातीवर उघडी ठेवायची, ऊन खाऊ द्यायचं. तिथं हे फूल कबरींवर लावतात, हे कळल्यावर काकींनी ती पिशवी घरात येऊ दिली नाही. अण्णांनी ते कंपाउंडबाहेर लावलं. पण त्याला हिवाळ्याची कडक थंडी लागते, आणि पाय कोरडे लागतात. आमची काळी माती पहिल्याच पावसाचं पाणी धरून बसली आणि गड्डा लोण्यासारखा झाला. वहीत शेरा पडला, 'नोंद रद्द. क्षेत्र निरंक.' पुढे चार दिवस अण्णांनी कुणाचीच तब्येत विचारली नाही.

लाल कर्दळ देताना ते तिची कुळकथाही देतात. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं; त्याच्या पाण्यात त्यांच्या मामांचं जुनं पळसदेव गेलं. माणसांनी वासे, दारं, जनावरं हलवली. आजीनं घमेल्यात कर्दळीचे गड्डे घेतले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, अंगण काही येत नाही, असं सांगून अण्णा थोडं थांबतात. त्या थांबण्यात ऐकणारा पोतं उचलून मोकळा होतो. काकींचं म्हणणं असं की ही कर्दळ यांनी दौंडच्या स्टेशनातून आणलीय. मी दोघांनाही कधी खोटं पाडलेलं नाही.

आता हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची मंडळी कुंभारगावाला, डिकसळला येतात, होडीतून फिरतात आणि मासळीचं जेवण जेवून परततात. जेवणाच्या हॉटेलाबाहेर गाड्यांच्या डिकीकडे बघत एक म्हातारा उभा दिसेल. पिशवी घ्या, आमच्यावरचा भार तेवढा हलका होईल. घरी पोचल्यावर ऊन येईल अशा जागी लावा, पाणी घाला. पत्ता मात्र विचार करून द्या. अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडलीय आणि एसटीचा प्रवास त्यांना फुकट आहे.