बीपीची गोळी सोडायला लावणाऱ्या चूर्णवाल्यास खुले पत्र

महोदय,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची आपली रीत आहे. तुमच्या बाबतीत ती पाळणं मला जमणार नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करते. समोरच्याची भीती ओळखण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. बीपी निघालेला माणूस मरणाला नंतर घाबरतो, आधी घाबरतो तो ‘आता जन्मभर गोळी’ या शब्दांना. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवता. मंगल कार्यालय भाड्याने घेता, मोफत तपासणीचा फलक लावता आणि माणूस खुर्चीत टेकायच्या आत त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून आकडा चारचौघांत मोठ्याने वाचता. जिना चढून आलेल्या, दारातच चहाचा कप रिकामा केलेल्या माणसाचं बीपी वर दिसणारच. नीट मोजायचं तर आधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, लघवी तुंबलेली नको, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको आणि मोजताना गप्पाही नकोत. एवढ्या निगुतीने मोजलं तर तुमचे डबे खपतील कसे? महिन्याने चूर्ण घेऊन परत आलेल्याला मात्र तुम्ही पंख्याखाली निवांत बसवता, पाणी देता, मग मोजता. आकडा उतरतो आणि टाळ्या पडतात.

तुमचा एक डबा आत्ता माझ्यासमोर आहे. पुढच्या बाजूला हिरवं पान, त्याखाली ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि त्याहून ठळक अक्षरांत ‘गोळीपासून कायमची मुक्ती’. मागे घटकांची यादी, भिंग घेऊन वाचावी इतकी बारीक. त्यात ज्येष्ठमध आहे आणि सैंधवही आहे. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन रोज पोटात जात राहिलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी वाढतं. सैंधव बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतं, आपल्या स्वयंपाकातल्या पांढऱ्या मिठासारखं. मिठाचा रंग गुलाबी आहे म्हणून किडनी त्यातल्या सोडियमला सूट देत नाही. बीपी उतरवायच्या डब्यात तुम्ही बीपी चढवणाऱ्या दोन वस्तू भरल्या, आणि त्याचे पैसे घेतले.

हा डबा माझ्या मामाच्या कपाटातला आहे. मामा शिस्तीचा माणूस. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी तो वर्षानुवर्षं न चुकता घेत होता, आणि म्हणूनच त्याचं बीपी ताब्यात होतं. तुमच्या शिबिरात त्याला सांगितलं गेलं की गोळीने किडनी जाते, गोळीची सवय लागते, चूर्ण सुरू केलं की गोळी बंद करायची. मामाने तीच शिस्त तुमच्या शब्दाला लावली. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून चूर्ण घेतलं, गोळीला हात लावला नाही. मधे कुणी विचारलं तर म्हणायचा, “एकदम बरं वाटतंय.” वाटणारच. बीपी दुखत नाही, खुपत नाही, आणि बहुतेकांना चढलेलंही कळत नाही. मग एका पहाटे त्याचं तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू गेली. आता त्या हाताने त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, मामी लावते. कपाटाच्या खणात गोळ्यांची अर्धी भरलेली पाकिटं तशीच होती.

किडनीबद्दल तुम्ही सांगितलंत ते साफ उलटं आहे. किडनी खराब करतं ते वर्षानुवर्षं चढलेलं बीपी. गोळी किडनीला त्यापासून वाचवते. क्लोनिडिनसारखी काही औषधं एकदम सोडली तर बीपी आधीपेक्षाही वर उसळी मारतं. छातीत दुखणाऱ्याने बीटा-ब्लॉकर अचानक थांबवलं तर हृदयाला धोका असतो. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही औषध विकायच्या लायकीचे नाही. ठाऊक असेल तर तुम्ही काय आहात ते वाचकांनी ठरवावं.

तुमच्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग वेगळाच आहे. गोळीशिवाय बीपी उतरतं हे खरं आहे, आणि ते सत्य तुम्ही डब्यात कोंबून नासवलंत. अमेरिकेत १९९७ साली ‘डॅश’ नावाच्या आहाराची चाचणी प्रसिद्ध झाली. भाज्या, फळं, कडधान्यं, अखंड धान्यं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, थोडे दाणे आणि बेताची चरबी असं जेवण काही आठवडे दिल्यावर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ने उतरला. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, ताक आणि एखादा पेरू हे जेवण त्या आहारापासून फार लांब नाही. ताकात मीठ मात्र घालायचं नाही.

मीठ हाच आपल्या घरातला मोठा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावं. आपल्यातले बरेच जण त्याच्या जवळजवळ दुप्पट खातात. ते फक्त पानात वाढलेलं मीठ नसतं. लोणच्यात, पापडात, सांडग्यांत, शेव-फरसाणात, खारीत, पावात ते आधीच जाऊन बसलेलं असतं. पापडखारात आणि खायच्या सोड्यातही सोडियम आहेच. रोजच्या पानातून लोणचं-पापड काढून सणावारी ठेवले आणि चार वाजताच्या चहाबरोबरची शेव बंद केली, तर कुठलंही चूर्ण न घेता काही आठवड्यांत मशीनवर फरक दिसतो.

वजन कमी झालं तर ढोबळमानाने किलोमागे वरचा आकडा एकने उतरतो. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपाझप चाललं तर चार-पाचचा फरक पडू शकतो. दारू कमी केली की बीपी उतरतं. तंबाखू आणि मिश्री सोडली की हृदय आणि रक्तवाहिन्या वाचतात. गुडघ्यासाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही बीपी वाढवतात, तेव्हा त्या डॉक्टरांना दाखवून घ्याव्यात. यातल्या एकाही गोष्टीवर तुम्हाला किंमत छापता येत नाही, म्हणून त्या तुमच्या भाषणात शेवटी दोन वाक्यांत उरकल्या जातात.

आणि तुमचा तो दुसरा गल्ला, कॅप्सूलचा. लसूण, बीटाचा रस, मॅग्नेशियम, माशाचं तेल यांनी काहींचं बीपी थोडं उतरतं, पण बहुधा दोन-चार आकड्यांनी. लसूण आमटीत खुशाल असावा. पण रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. मीठ बदलण्याचाही एक उपाय आहे. चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेली मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिथे नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिल्यावर पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. उपाय साधा आहे, पण किडनी अधू असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर तेच मीठ रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं वाढवू शकतं. तुम्ही डबा हातात देण्याआधी कुणाची किडनी विचारली? कुणाच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचली?

आता बेरीज करू. ज्याचं बीपी १४४ आहे तो मीठ, चालणं आणि वजन सांभाळून कदाचित गोळीशिवाय राहू शकेल. ज्याचं १८० आहे त्याला हे सगळं करावं लागेल आणि गोळीही घ्यावी लागेल. पुढे आकडे टिकून उतरले तर डॉक्टर गोळी कमी करतात, एखाद्याची बंदही करतात. त्यासाठी घरी नीट मोजलेल्या आकड्यांची वही लागते.

वनस्पतींचा अपमान केला असं म्हणून माझ्यावर उलटू नका. सर्पगंधा आपलीच. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती ५० रुग्णांना दिली, त्यांचं बीपी मोजलं, त्रास काय झाला तेही नोंदवलं आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सगळं जगासमोर मांडलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वापरलं. जास्त मात्रेत रुग्णाला नैराश्य येतं हेही तपासणीतूनच कळलं, आणि अधिक सोसवणारी औषधं आल्यावर ते मागे पडलं. त्या झाडपाल्याची अशी कसून परीक्षा झाली. तुमच्या चूर्णाची कुणी आणि कुठे घेतली?

कायद्याचंही सांगते. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे त्यांच्या यादीत रक्तदाबाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या डब्याची पुढची बाजू हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. त्याचे फोटो, बिल आणि शिबिराचं पत्रक मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत देत आहे. ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनीही तेच करावं.

तुमच्याकडून मला माफी नको, मामाला तिचा उपयोग नाही. चूर्णावर एवढा विश्वास असेल तर परवानगी घेऊन, रुग्णांच्या गोळ्या चालू ठेवून, तज्ज्ञांकरवी त्याची चाचणी करून घ्या आणि जे निघेल ते छापा. तोवर हिरव्या पानाखालचं ते वाक्य खोडा आणि तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बीपीची गोळी बंद करू नका.’ ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हेही त्याखाली लिहिलंत तर एखाद्याच्या हातापायाचं बळ वाचेल.

तुमच्या एका गिऱ्हाइकाची भाची