धूर नाही, मग धोका कुठला?

आमच्या आळीतल्या दादांचं आरोग्यशास्त्र पक्कं आहे. सिगारेट वाईट, धूर थेट फुफ्फुसात जातो. तंबाखू काय, झाडाचं पान! असं म्हणत ते तळहातावर चिमूट घेतात, नखाने चुना लावतात, अंगठ्याने मळतात, दोन थापट्या मारून भुकटी उडवतात आणि ओठाआड बार भरतात. शेजारी उभा असलेला शिंकतो, ते वेगळं.

वहिनींना तर व्यसनच नाही. त्या फक्त मिश्रीने दात घासतात. दिवसातून चारदा.

पुतण्या शिकलेला. त्याच्याकडे पेनड्राइव्हसारखी नळी, वास आंब्याचा. "काका, ही नुसती वाफ हो!" ई-सिगारेटच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे, हे त्याला ठाऊक आहे. पण काकांनाही राज्यातली २०१२ची गुटखाबंदी ठाऊक होतीच की.

तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला. त्यात कर्करोगाने सडलेल्या तोंडाचं चित्र. मी ते दादांपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"आपल्यातला नाही हा," म्हणाले, आणि बार उजव्या गालातून डाव्या गालात सरकवला.

उजव्या बाजूला म्हणे हल्ली तिखट झोंबतं.