पगार नको, पण प्रेरणा आवरा!

माणसाला कामाला जुंपायचे दोन मार्ग आपल्या उद्योगजगताला ठाऊक आहेत, पैसा आणि प्रेरणा. पैकी पैसा प्रकृतीला अपायकारक असल्याने तो वरच्या मजल्यावरच्या कणखर मंडळींनाच दिला जातो. तळमजल्याला प्रेरणा मिळते. झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये हा मार्ग टोकाला नेला. 'चीफ ऑफ स्टाफ' हवा, पहिल्या वर्षी पगार शून्य, उलट उमेदवारानेच 'फीडिंग इंडिया' या संस्थेला २० लाख रुपये दान द्यायचे! दुसऱ्या वर्षापासून ५० लाखांवर पगाराचे आश्वासन होते, हेही सांगायला हवे. एका दिवसात १० हजारांवर अर्ज आले. मग खुलासा झाला की पैसे घ्यायचेच नव्हते, ती केवळ चाळणी होती. असेलही, पण तिच्यातून कोण गळाले असेल? ज्याच्या बापाने २० लाखांत आख्खे घर बांधले, तो जाहिरात वाचून बहुधा पुढे सरकला असणार. उरले ते कोणत्या घरांतले, याचा अंदाज बांधायला मनुष्यबळ विभाग लागत नाही.

कंपनीचे धोरण कळावे म्हणून लोक 'व्हिजन स्टेटमेंट' वाचतात. ते भिंतीसाठी असते. खरे धोरण वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांत सापडते, कारण संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक (मीडियन) वेतनाच्या किती पट आहे, हे २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीला छापावेच लागते. रविवारीही काम करून घेता येत नाही, याची खंत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी व्यक्त केली आणि आठवड्याला ९० तासांचा आग्रह धरला. त्यांचा २०२३-२४ चा मोबदला सुमारे ५१ कोटी, म्हणजे मध्यक वेतनाच्या ५३४ पट होता. ५३४ पट मिळणाऱ्याला रविवार खटकणारच; एक पट मिळणाऱ्याने तो का खटकवून घ्यावा, एवढेच अहवालात छापायचे राहिले.

आयटीत तर स्वस्त भरती हेच धोरण झाले. मोठ्या कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा सर्वसाधारण पगार दहा वर्षांहून जास्त काळ वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. तेवढ्यातही सीटीसीत भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि 'व्हेरिएबल' बसवलेले. हाती येते त्यात हिंजवडीत खोली शेअर करायची. माणूस इतका स्वस्त मिळत असेल तर स्वतःचे उत्पादन घडवायची खटपट कोण करील? डोकी मोजून बिल लावणे सोपे. आणि बचतच नसलेला तो इंजिनिअर नोकरी सोडून उद्योग काढील, ही अपेक्षा मात्र दर स्टार्टअप परिषदेत टाळ्या घेते.

यावर ठरलेले उत्तर येते की पोरे कच्ची असतात, शिकवायला खर्च येतो. खरे आहे. हेन्री फोर्डलाही तो येत होता. १९१३ मध्ये सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला त्याला वर्षात ५० हजारांवर माणसे घ्यावी लागली. त्याने प्रेरणेवर व्याख्यान ठेवले नाही. जानेवारी १९१४ मध्ये रोजाचे किमान वेतन जवळपास दुप्पट, पाच डॉलर केले. त्यासाठी कामगाराच्या घरी डोकावणारे निरीक्षकही नेमले, तेव्हा त्याला संत करायचे कारण नाही; पण गळती झपाट्याने घटली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नव्या उद्योगाकडे रोकडच नसते, त्याने काय द्यावे? हिस्सा द्यावा. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी १० हजार रुपयांवर उभ्या केलेल्या इन्फोसिसने नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर दिले, आणि कित्येकांचे भले झाले. आज सांगितले जाते की मालकासारखा विचार करा. शेअर मात्र मालकाकडेच राहतात.

प्रेरणेवर इतकी श्रद्धा असेल तर वेतन समित्यांनी एक प्रयोग करावा. वर्षभर संचालकांचे शेअर आणि कमिशन थांबवून त्यांना दर सोमवारी सकाळी एक प्रेरक भाषण द्यावे, वर नव्वद तास द्यावेत. विरोध झालाच, तर चाळणी होती म्हणून सांगता येईल.