लीद टाकेपर्यंत

“काय हो वहिनी, काल तुमच्या धाकट्या दिरांना यायला मध्यरात्र झाली ना? गेट वाजलं म्हणून म्हटलं.”

“तुमचे कान म्हणजे! भावजी सांभाळतात त्या घोड्याचं ऑपरेशन होतं काल. बसले होते तो लीद कधी टाकतोय याची वाट बघत.”

“इश्श! लीद?”

“भुलीनंतर घोड्याचं आतडं सुस्तावतं म्हणे. मग पोटशूळ उठतो आणि घोड्याला पोटशूळ म्हणजे जिवाशी खेळ. लीद पडली तेव्हा कुठे घरी आले.”

“पण झालं काय होतं त्याला?”

“गुडघ्यात हाडाचा टवका. तबेल्यात ‘चिप’ म्हणतात. मागच्या आठवड्यात ट्रॅकवरून आला तो पुढचा उजवा पाय टेकला की मान वर झटकायचा. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून करतात तसं. सईसाच्या नजरेतून सुटतंय होय? एक्स-रे काढला तर नखाएवढा तुकडा.”

“पडला-बिडला का कुठे?”

“छे! नुसत्या पळण्यानं. आमचा भाचा शिरवळला व्हेटर्नरीला आहे ना, तो सांगत होता. साडेचारशे-पाचशे किलोचं धूड, भरधाव असताना एकेका पुढच्या पायावर त्याच्या दुपटीहून जास्त भार. शर्यतीच्या शेवटी पाय दमले की गुडघा उलटा ताणला जातो, हाडावर हाड आदळतं आणि कड उडते. आणि गंमत ऐका, आपण ज्याला घोड्याचा गुडघा म्हणतो ते म्हणे त्याचं मनगट!”

“म्हणजे बिचारा मनगटावर पळतो? आणि मालक?”

“त्याचं नाव नका काढू. म्हणे, सांध्यात इंजेक्शन मारा आणि रविवारी पळवा. दुखणं दाबलं की घोडा पळतो हो, पण तुकडा आत कूर्चा खरवडतच राहतो. डॉक्टर ठाम राहिले म्हणून बरं.”

“मग पाय उभा चिरला?”

“नाही हो, आपल्या लेलेकाकांसारखंच, दुर्बिणीतून. उताणा निजवला, चारी पाय वर. दोन बारीक भोकं पाडली. पाण्यानं सांधा फुगवून एकातून चार मिलिमीटरची दुर्बीण घातली, दुसऱ्यातून चिमटा. न्यूझीलंडच्या कुणा मॅक्इलरेथनं अमेरिकेत यात नाव काढलंय. १९८४ सालीच अख्खं पुस्तक लिहिलं म्हणे घोड्यांच्या दुर्बिणीवर.”

“झालं तर मग, सोपं आहे.”

“कापाकापी सोपी, उठणं अवघड! लेलेकाका शुद्धीवर आल्यावर चहा मागत पडून राहिले. घोड्याला पडून राहणं माहीतच नाही. डोळा उघडला की धडपडत उभं राहायचं, पाय लटपटत असले तरी. त्यात दुसराच पाय मोडून बसतो. म्हणून खोलीच्या भिंतींना गाद्या, डोक्याला दोर, शेपटीला दोर. शंभरात एखादं जनावर भुलीपायीच जातं. भावजी शेपटीच्या दोराशी होते. दोनदा बसकण मारली त्यानं, तिसऱ्यांदा उभा राहिला.”

“आता पळेल?”

“टाके दोन आठवड्यांनी. मग नुसतं हातात धरून चालवणं. सगळं नीट जमलं तर तीन-चार महिन्यांनी शर्यत. पुण्याचा सीझन गेलाच, महालक्ष्मीला बघू.”

“नाव काय हो घोड्याचं?”

“ते नाही सांगायची. मागच्या पावसाळ्यात तुमच्या ह्यांनी भावजींच्या टिपेवर पैसे लावले, तेव्हापासून ते आमच्या घरी चहाला येत नाहीत.”