तोतया चिपची इमानी नोकरी

झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार चालतो. वर काळं प्लॅस्टिक, खाली पाय, पाठीवर नाव. आत काय ते कारखानदार जाणे. ही मूठ उघडून बघणाऱ्या हौशी मंडळींना लोक उचापती म्हणतात, चोरांचे गुरूही म्हणतात. मला हा आरोप मान्य नाही, आणि माझा साक्षीदार खुद्द एक चोरीचा माल आहे. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आरएल ही चिप यूएसबी आणि जुनं सीरियल पोर्ट यांच्यात दुभाषाचं काम करते. तिचे तोतये बाजारात उदंड. २०१४मध्ये झेप्टोबार्स या रशियन मंडळींनी अस्सल आणि नकली, दोघींचं प्लॅस्टिक आम्लानं उतरवून आतल्या सिलिकॉनचे फोटो काढले. अस्सल चिपवर नाव लेझरनं कोरलेलं, नकलीवर छापलेलं. आत तर बिऱ्हाडच वेगळं! मूळ आराखड्याची नक्कल मुळी नव्हतीच. साधा मायक्रोकंट्रोलर घेऊन, रॉममध्ये प्रोग्रॅम भरून, त्याला दुभाषाचं सोंग दिलं होतं. वर सिलिकॉनवर ‘सुपरियल’ अशी अक्षरं! बाहेर दुसऱ्याचं नाव लावणाऱ्यानं आत इतकं मोकळेपणानं काही लिहावं, याला धाडस म्हणावं की भाबडेपणा? मुद्दा असा, की तोतयानं आराखडा उचलला नव्हता, वागणूक उचलली होती. चिपच्या फोटोंवाचून त्याचं काही अडलं नव्हतं. फोटोंची गरज होती ती गिऱ्हाइकाला.

कुणी म्हणेल, नकली माल पकडणं कंपनीचं काम, हौशी लोकांनी आम्लाशी का खेळावं? आम्लाचं म्हणाल तर खरंच आहे. स्वयंपाकघरात हा प्रयोग कुणी करू नये. (शिवाय उघडलेली चिप बहुधा कामातून जाते, हे शवविच्छेदन आहे, तपासणी नव्हे.) पण कंपनीनं कसं पकडलं तेही पाहा. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिच्या नव्या विंडोज ड्रायव्हरनं नकली चिपचा ओळखक्रमांक पुसून शून्य केला आणि लोकांची चालती यंत्रं संगणकाला अनोळखी झाली. शिक्षा भोगली कुणी? छापील नावावर विश्वास ठेवून पैसे मोजणाऱ्यानं. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला. २०१६मध्ये कंपनीनं सौम्य उपाय काढला: तोतया सापडला, की माहितीऐवजी वायरीतून ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड!’ पाठवायचं. समोर सीरियलवर आदेशाची वाट पाहणारं एखादं यंत्र बसलेलं असेल, तर त्यानं या इंग्रजीचं नेमकं काय करायचं, हे मात्र ड्रायव्हरनं सांगितलं नव्हतं.