आधी घरचेच बोलतात

शिरड शहापूरच्या शिवारात हळद काढायला आलेल्या पोरीचा रंग कुणी विचारत नाही. मजुरीला ती चालते. सोयरिकीला तीच काळी ठरते. वसमतच्या ज्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीच हळद सायीत कालवून लेकीच्या तोंडाला फासतात. बायोडेटात "वर्ण : निमगोरा" लिहिता यावं म्हणून.

बोलणारे परके नसतात, हे सगळ्यात वाईट. "उन्हात जाऊ नको, आधीच काळी हायेस," हे आजी म्हणते, मावशी म्हणते, आणि त्यांना वाटतं आपण काळजी करतोय. शाळेत 'डांबर' नाव पडतं ते दहावीपर्यंत सुटत नाही. तेरा-चौदाचं लेकरू यावर भांडत नाही. ते फोटोत मागे सरकतं, पिवळा ड्रेस नको म्हणतं, गॅदरिंगच्या नाचात नाव देत नाही. आपण म्हणतो, लाजाळू आहे. लाजाळू कसलं? आपणच त्याची वाचा बसवली.

अमेरिकेतल्या लॅटिनो घरांतही असंच चालतं. प्यू संशोधन केंद्राच्या 2021 च्या पाहणीत तिथल्या 62 टक्के लॅटिनो प्रौढांनी सांगितलं, की सावळा रंग पुढे जायला आड येतो. आणि टोमणे मारणाऱ्यांत त्यांच्याच समाजाची माणसंही असतात.

या दुखण्यावर बाजार कधीच बसला आहे. 'फेअर अँड लव्हली' 1975 मध्ये आलं. 2020 मध्ये त्याच्या नावातला 'फेअर' गेला, डबी दुकानात तशीच राहिली. 2019 मध्ये 'रंग माझा वेगळा' ही सावळ्या नायिकेची मालिका सुरू झाली. तिच्यासाठी गोऱ्या अभिनेत्रीला मेकअप करून सावळी केलं. म्हणजे सावळ्या पोरीची गोष्ट सांगायलाही सावळी पोरगी नको!

आणि याची किंमत काय? 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घराची बातमी आली. उजळ करणारं क्रीम लावून आई आणि दोन लेकी, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी छडा लावला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनांतल्या पाऱ्यावर जगभर बंधनं आहेत. तरी बिननावाच्या डब्या मिळतात, कारण मागणी आपल्या घरातून जाते.

आई-बापांनो, बायोडेटातला वर्णाचा रकाना खोडा. मुलाकडच्यांनी विचारलं तर उठून या. सर-मॅडम, वर्गातलं ते टोपणनाव आज बंद करा. तुमच्या तोंडी असेल तर आधी तिथून. आणि येत्या 26 जानेवारीला भारतमाता वर्गातल्या सर्वांत सावळ्या पोरीला करा. तिचं नाव तुम्हीच घाला, ती हात वर करणार नाही.