धावू नये, हुकुमावरून

मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध आपण जे हत्यार उपसले आहे त्याचे नाव फलक. मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितले. 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी 13 टक्के साखरेतून येतात, 11 ते 18 वयोगटात 15 टक्के, आणि जायला हवेत फक्त 5 टक्के, असा हिशेब मंडळाने मांडला. दोनेक महिन्यांत तेल फलकही आला. त्याआधी 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहातून पिझ्झा, बर्गर, चिप्स, नूडल्स हद्दपार केले होते. 2020 च्या केंद्रीय नियमांनी तर शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत असले पदार्थ विकायला बंदी घातली. हे 50 मीटर ज्याला सुचले त्याला मुलांच्या व्यायामाची खरी तळमळ असणार. पूर्वी वेफर्सचे पाकीट फाटकाशीच मिळायचे, आता त्यासाठी 51 मीटर चालावे लागते.

शाळेत पीटीचा तास असतो. वेळापत्रकात असतो, म्हणजे असतोच. पोर्शन राहिला म्हणून तो गणिताच्या सरांकडे जातो, स्नेहसंमेलन जवळ आले की नाचाच्या तालमीकडे, आणि उरला तर मुले रांगेत उभी राहून सावधान-विश्राम करतात. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको, असे राज्य सरकारने 2015 मध्येच सांगून ठेवले आहे. दप्तर हलके करणे कोणाला जमले नाही. मुलाचे वजन वाढवून प्रमाण राखणे मात्र पालकांना छान जमते.

पण शाळेला किती बोलायचे? खरी गंमत सोसायटीत आहे. फ्लॅट बुक करताना बिल्डरच्या माहितीपत्रकात हिरवागार 'चिल्ड्रन्स प्ले एरिया' होता आणि त्यात एक गोरे मूल झोक्यावर हसत होते. ताबा मिळाला तेव्हा त्या जागी ट्रान्सफॉर्मर, टाकीचे झाकण आणि कव्हर घातलेल्या दोन गाड्या निघाल्या. गाड्या कोणाच्या, हा विषय दर सभेत निघतो आणि चहा आला की मिटतो. उरलेल्या पट्ट्यात पोरे 'वन टप्पा आउट' खेळायची. एकदा चेंडू एका बॉनेटला लागला. डेंट कोणालाच दिसला नाही, पण मालकाला बोट फिरवल्यावर जाणवत होता. तातडीची सभा बोलावण्यात आली. गळक्या गच्चीसाठी तीन वर्षांत कोरम झाला नव्हता, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. आठवड्यात फलक लागला: 'आवारात चेंडू खेळण्यास, सायकल चालविण्यास व धावण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' यातले 'धावण्यास' सेक्रेटरींनी स्वतःहून घातले. चेंडू नसला तरी पोरे पळतात आणि पळाली की ओरडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. ते खोटे नाही.

आता पोरे संध्याकाळी जिन्यात ओळीने बसतात. एका मोबाइलवर चार माना. पहिल्या मजल्यावरच्या काकू येता-जाता कौतुक करतात, 'किती गुणी झालीत हो, आवाज म्हणून नाही!' त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्याच काकू मैदानी खेळांचे फायदे सांगणारा संदेश टाकतात. त्याला ज्यांच्या बॉनेटवर डेंट नव्हता ते गृहस्थ अंगठा दाखवतात.

मूल लहान असते तेव्हा वजनाची कोणाला भीती नसते, अभिमान असतो. आपल्याकडे गुटगुटीत बालक स्पर्धा भरवून बाळशाला बक्षीस देतात. पोर जरा उंच झाले की आजीला ते वाळलेले दिसते, म्हणून पोळीवर तुपाची आणखी एक धार. पाचवीत पँट कमरेला होईनाशी झाली की तेच कुटुंब डाएटिशियनकडे रांग लावते आणि 'आमच्याकडे सगळे हाडानेच जाड' असे सांगते. देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त वजनाची मुले 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2.1 टक्के होती, 2019-21 मध्ये 3.4 टक्के झाली. त्याच नव्या पाहणीत महाराष्ट्रातली 35 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी निघाली. म्हणजे ज्यांच्या ताटात तूप नाही त्यांचा प्रश्न तसाच ठेवून आपण ज्यांच्या ताटात ते जास्त झाले त्यांच्यासाठी फलक रंगवतो आहोत.

पैसेवाल्यांनी अर्थात मार्ग काढला आहे. खेळ आता ताशी भाड्याने मिळतो. टर्फ बुक करायचा, फुटबॉलचा क्लास लावायचा, मुलाला एसी गाडीतून तिथे सोडायचे, कारण चालत जायला फुटपाथ नाही. असलाच तर त्यावर कोणाची तरी गाडी आहे. क्लासमध्ये कोच पंचेचाळीस मिनिटे ड्रिल घेतो, उरलेल्या वेळात फोटो निघतात. चेंडूच्या मागे उगाच, विनाकारण, घामाघूम होईपर्यंत पळणे अभ्यासक्रमात नसते. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर काही पालक आधी प्रमाणपत्राची चौकशी करतात, मग खेळाची.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी मागते ते इतकेच: रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल. लंगडी, लगोरी, डबा ऐसपैस, काहीही चालते. त्याला कोच लागत नाही, टर्फ लागत नाही. लागतात दोन गाड्यांएवढी मोकळी जागा आणि आरडाओरडा सोसणारी माणसे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. तेव्हा वाचकहो, या वर्षी विषयपत्रिकेत एक विषय आठवणीने घालायला लावा: संध्याकाळी 6 ते 7 आवारातल्या बेवारस गाड्या बाहेर, मुले आत. ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. बॉनेटवाले गृहस्थ विरोध करतील, तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.